वारा मोजणारी मापाडीण

एक होता राजा. त्याचं राज्य म्हणजे एक बेट. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये एवढीशी जमीन. पण त्या एवढ्याशा जमिनीवर देवाने काय काय कोंबलं होतं, ते ऐका. उत्तरेला एक डोंगर, त्याच्यावर बारा महिने बर्फ. तिथली माणसं दूध पीत नसत, चावून खात. पश्चिमेला एक दरी, तिथे वर्षातले अकरा महिने पाऊस. म्हशींच्या पाठीवर शेवाळ उगवायचं. आणि पूर्वेला समुद्रात घुसलेलं एक टोक, तिथे नुसता वारा. कोंबड्यांना दावं लावून ठेवत. बायका पदरात दगड बांधून पाण्याला जात. हसू नका, खरंच जात.

थंडी, पाऊस आणि वारा ही तिघं भावंडं होती, बरं का. थंडी थोरली, पाऊस मधला, वारा धाकटा. तिघं आपापल्या जागी राहत, एकमेकांच्या वाटेला जात नसत. माणसंही त्यांना सरावली होती.

मग एकदा काय झालं, एक परका तांडेल राजाकडे जेवायला आला. तांडेल म्हणजे गलबत चालवणाऱ्यांचा मुख्य. भात कालवता कालवता तो म्हणाला की आमच्या देशात याहून मोठा पाऊस पडतो, आणि वाऱ्याचं तर विचारूच नका. झालं! राजाचा घास घशाखाली उतरेना. राजा तसा भला, पण मोठेपणाचं भारी वेड. जेवणावरून उठला आणि त्याने दवंडी पिटवली. बेटावरची थंडी, पाऊस आणि वारा मोजा. ज्याचं माप सगळ्यांत जास्त, त्याला सुगीच्या पंगतीत पहिला मान.

आता मानपानावरून लग्नात काय काय होतं, ते तुम्ही पाहिलंय. तुमचा मोठा काका फेट्याच्या रंगावरून जेवला नव्हता. आणि या राजाने मान ठेवला कोणापुढे, तर थंडी, पाऊस आणि वाऱ्यापुढे. शहाण्या माणसाचं काम नव्हे ते.

मग मोजायचं कोणी? तर साळू मापाडणीने. मापाडी म्हणजे खळ्यावर धान्य मोजून देणारा. मोजायचं भांडं असतं त्याला म्हणतात पायली. नवरा गेल्यावर साळूने त्याची पायली हातात घेतली, आणि तिच्या मापावर कोणी कधी बोट ठेवलं नाही. तिला एकुलती एक लेक, रेवू. वाऱ्याच्या टोकावर दिलेली. रेवूचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, म्हणून साळू तिला आणायला निघणार, तेवढ्यात राजाचा हुकूम आला. साळूने राजाला सांगून पाहिलं. राजा म्हणाला, आधी माप, मग माहेर.

मग साळू डोंगरावर गेली. दिवसभरात किती पायल्या पाणी थिजलं ते मोजलं. तीस. मग दरीत गेली. पायली उघड्यावर ठेवली, ती दिवसभरात चाळीस वेळा भरली. मग टोकावर गेली. सुपात एकेक दगड ठेवत गेली. पन्नास दगड झाले तरी वारा सूप उचलतच होता, एक्कावन्नाव्याला सूप खाली बसलं. रेवू तिथेच दारात उभी होती. साळू म्हणाली, चल बाई आता घरी.

पण आकडे सगळीकडे पोचले होते. ढगांच्या पोटात काही राहत नाही. थंडी म्हणाली, मी थोरली आणि माझे तीसच? पुन्हा मोजा. राजाचा शिपाई धावत आला, साळूबाई, पुन्हा मोजा. मग साळू पुन्हा गेली. थंडीने असा जोर लावला की नव्वद पायल्या थिजल्या. चुलीतला जाळसुद्धा थिजला, लोकांनी तो तोडून उन्हात ठेवला. मग पावसाने जोर लावला. माप झालं एकशे वीस, आणि ओढ्यावरचा पूल वाहून गेला. मग वाऱ्याने काय करावं? सूपच समुद्रात भिरकावलं, आणि त्याच्यामागून रेवूच्या घराचं छप्पर.

तिसऱ्या वेळी साळू येईपर्यंत कोणी थांबलंच नाही. थंडी डोंगरावरून उतरली, पाऊस दरीतून निघाला, आणि दोघं वाऱ्याच्या टोकावर येऊन थडकली. तिघं एका जागी, असं बेटावर कधी झालं नव्हतं. नारळाएवढ्या गारा पडल्या. होड्या झाडांवर जाऊन बसल्या. टोकावरचे लोक, साळू आणि रेवूसुद्धा, एका गुहेत शिरले, आणि त्या गुहेतच रेवूच्या पोटात दुखायला लागलं. गुहा ओली, गारठलेली, शेकोटी पेटेना. सुईण होती ती साळूच्या गावात, सात कोसांवर. लेक वाचते की नाही, अशी वेळ. साळू कधी कशाला भ्यायची नाही, पण तेव्हा भ्याली.

बाहेर तिघं ओरडत होती. आधी मला मोज, आधी मला मोज.

आता मापाडी कसा मोजतो ते सांगते. तुमच्या पणजोबांच्या खळ्यावरही असंच मोजायचे. पहिल्या पायलीला तो एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. शुभ असतं म्हणून. आणि दुसरी पायली पडेपर्यंत तेच घोळवत राहतो, लाभ, लाभ, लाभ, म्हणजे आकडा विसरत नाही. तोवर खळ्यावर कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. त्या बेटावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाऱ्याला तर चांगलंच ठाऊक, दर सुगीला धान्य उफणायला तोच असायचा.

साळू पायली घेऊन बाहेर आली. म्हणाली, "तिघांना एकदमच मोजते. पण जो हलेल, तो मापातून बाद."

तिघं जागच्या जागी थांबली. साळूने पायली उचलली आणि म्हणाली, लाभ. मग जावयाला डोळ्यांनी खुणावलं. त्याने आणि त्याच्या भावाने रेवूला झोळीत घातलं. साळू पुढे, झोळी मागे, आणि साळूच्या तोंडी लाभ, लाभ, लाभ. पावसाने श्वास धरला होता म्हणून ओढा उतरला. थंडी हलत नव्हती म्हणून वाट मोकळी झाली. सात कोस चालली बाई. वाटेत कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला. तो तिने घेतला नाही, कारण प्यायला थांबली असती तर लाभ थांबला असता.

घरी पोचल्यावर सुईणीने रेवूला आत घेतलं. साळू दाराबाहेर बसली. घसा बसला, तरी लाभ, लाभ चालूच. आतून रेवू आई, आई म्हणून हाका मारत होती, आणि आईला एकच शब्द बोलता येत होता. फार वाईट वाटलं तिला. पण लाभ सोडला नाही.

मग बाळ रडलं. साळू सगळं विसरून आत धावली. माप मोडलं.

बेट इतकं शांत होतं की ते रडणं टोकापर्यंत ऐकू गेलं. वारा म्हणाला, मी हललो नव्हतो. पाऊस म्हणाला, मीही नाही. थंडी थोरली होती, तिने समजूत घातली की माप पोराने मोडलं, त्याच्याशी काय भांडायचं. आणि उभं राहून राहून तिघांचेही पाय दुखत होते. मग थंडी डोंगरावर गेली, पाऊस दरीत गेला, वारा तिथेच टोकावर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः साळूच्या दारी आला. त्याने विचारलं, माप किती झालं? साळू म्हणाली, मोडलं. राजा हिरमुसला. मग त्याला पाळण्यातलं बाळ दिसलं. सवयच वाईट, म्हणून त्याने विचारलं, "पोर केवढं भरलं? मोजलंस का?"

साळू म्हणाली, "लेकराचं माप घेत नाहीत, महाराज. आपलं आहे ना, मग ते केवढं का असेना."

राजाला आपलं एवढंसं बेट आठवलं, आणि स्वतःची लाज वाटली. त्याने दवंडी मागे घेतली, पूल बांधून दिला आणि रेवूचं घर शाकारून दिलं. शाकारताना स्वतः गवताच्या पेंढ्या वर दिल्या, बरं का.

मग ती सगळी माणसं तिथे सुखाने राहिली. बाळ मोठं झालं. केवढं, ते कोणी मोजलं नाही. आणि तुमच्यातलं कोण अजून जागं आहे, तेही मी मोजत नाही. गोधडी ओढा आणि झोपा.