पाटकऱ्याचा विसर

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात पाटाचं पाणी शेतोशेत सोडणारा एक पाटकरी होता. आज पाण्याची पाळी कुणाची, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळं पाटकऱ्याच्या डोक्यात. तो म्हणेल ती पूर्वदिशा.

एके वर्षी तो पाळ्या विसरू लागला. जेवून उठला की पुन्हा ताट मागे. हे आधी ध्यानात आलं ते त्याची बायको येसू हिच्या. एकदा तो स्वतःच म्हणाला, "माझं काहीतरी बिनसलंय. नदीपलीकडच्या वैद्यांना दाखवू या का?"

"वय झालं की विसरतंच माणूस," येसू म्हणाली. "गावाला कळलं तर वेडा म्हणतील, काम काढून घेतील."

मग तिनं काय केलं, बघा. कुणाच्या शेताला शेवटचं पाणी कधी मिळालं हे धुण्याच्या घाटावर बायकांकडून ती गोडीगोडीनं काढून घेई, त्यावरून पाळी ठरवी आणि सकाळी नवऱ्यामागं उभी राहून हळूच नाव सांगे. गाव म्हणे, काय जोडा आहे! इकडे येसूच्या जिवाला घडीचा विसावा नव्हता. पेरणी झाली की जाऊ, सुगी झाली की जाऊ, असं करता करता दोन वर्षं गेली. अहो, दुखणं कधी सुगीसाठी थांबतं का?

एके दिवशी येसू तापानं फणफणली. पाटकरी एकटाच गेला, पाटाचं दार उघडलं आणि तसाच चालू लागला. बांध फुटला, रोपं वाहून गेली. गाव पाण्यामागं धावलं, येसू तशा तापातच नवऱ्यामागं. तिसऱ्या प्रहरी तो तीन कोसांवर सापडला, अनवाणी, मेलेल्या आईचं घर विचारत.

त्याच पावली तिनं त्याला वैद्यांकडे नेलं. नाडी पाहून, येसूकडून दोन वर्षांची हकिगत ऐकून वैद्यांनी पाटकऱ्यालाच विचारलं, "बाबा, पुढं कसं करावं असं तुम्हाला वाटतं?"

पाटकरी मागं वळला आणि येसू काय सांगते याची वाट पाहत राहिला.

"काही विसर औषधानं उतरतो, काही नुसता थोपवता येतो," वैद्य म्हणाले. "यांचा उतरणारा नाही. पण दोन वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर यांनी स्वतः दिलं असतं."

येसू ढसढसा रडली. त्यानं तर विचारलं होतं. तिनंच गप्प केलं होतं.

औषधानं पाटकऱ्याची तगमग शमली, गेलेलं मात्र परत आलं नाही. येसूनं घाटावर सगळं सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. शेजारीण तेवढी धुणं टाकून उठली. "माझी सासूही घरची वाट चुकते," ती म्हणाली आणि त्याच दिवशी सासूला घेऊन नदीपार गेली. त्या म्हातारीच्या विसराचं मूळ पोटाच्या जुन्या दुखण्यात निघालं. चार महिन्यांत ती नातवंडांना नावानं हाका मारू लागली.

तात्पर्य : विसर झाकून बरा होत नाही, लाज सोडून वेळेवर वैद्याला दाखवावा.