चौथा रकाना

“…पण लोक निमूट ऐकतात कसे, बाबा? तेवढंच अडलंय माझं.”

अच्युत वाळिंब्यांनी प्रश्न टाकला आणि लगेच मान वळवून मागे पाहिलं. मागे टेकडीचा उतार, दोन बाभळी आणि वारा. तरीही त्यांनी पिशवी मांडीखाली ओढून घेतली.

पिशवीत ज्वारीचं पीठ होतं. पिठात कादंबरी होती.

धामणसर संस्थानात तेव्हा दिवस बरे नव्हते. दिवाणसाहेबांनी महिन्याभरात दोन छापखान्यांना टाळं ठोकलं होतं. एका कीर्तनकाराला तर नुसत्या खोकल्यावरून उचललं. खोकला दिवाणांच्या नावापाशीच का आला, एवढाच त्याचा गुन्हा. अशा दिवसांत जुलमी राज्याची कादंबरी लिहायची म्हणजे वाघाचं काळीज हवं. हे मत अर्थात वाळिंब्यांचं स्वतःचं. त्या काळजाची धडधड मात्र सकाळपासून थांबली नव्हती.

समोर धुनीपाशी नूरशा फकीर सूप घेऊन बसले होते. मसूर निवडत होते.

“कसं आहे तुझं राज्य?”

वाळिंबे जरा खुलले.

“सत्तावीस तुरुंग, बाबा! अठ्ठाविसाव्याला दगड पुरेनात, तेव्हा घरोघरची जाती उचलून नेली. भिंतींना पितळी कान. कोणी झोपेत बरळलं, की सकाळी दारात शिपाई. उसासा टाकायचा तर परवाना लागतो!”

“या अल्ला,” फकीर म्हणाले. एक खडा बाजूला पडला. “आणि शिपाई झोपले की?”

“त्यांच्यावर दुसरे शिपाई.”

“ते झोपले की?”

“त्यांच्यावर… तिसरे.”

“मग राहतं कोण त्या गावात? सगळे शिपाईच?”

“तिथंच तर घोडं अडलंय!” वाळिंबे कळवळले. “एवढ्यांना भाकऱ्या कोण थापणार? दहा प्रकरणं झाली. अकरावं सुचत नाही. आणि उद्या एकाला पुस्तक छापायला द्यायचंय. कोणाला, ते विचारू नका, बाबा. जीभ छाटली तरी नाव बाहेर पडायचं नाही.”

“नाही विचारत.”

…

मसूर सुपात सरसरत राहिला.

“दारातली वही भरलीस?”

“भरली की!” वाळिंबे थोडे दुखावलेच. “शिकलेला माणूस आहे मी. न भरता आत येईन?”

“आण इकडे. माझे हात गुंतलेत. तूच वाच.”

दारात एक पालथं खोकं होतं. त्यावर वही, दौत आणि दोरीनं बांधलेला टाक. राखणीला माणूस नाही, कुत्रं नाही. वाळिंब्यांनी वही आणली, घसा साफ केला.

“नाव: अच्युत बळवंत वाळिंबे. गाव: धामणसर, तांबट गल्ली. काम: कादंबरीच्या शेवटाविषयी सल्ला.”

“वा. पुढे?”

“पुढे… ‘हे आणखी कोणास ठाऊक आहे?’” वाळिंब्यांचा आवाज उतरला. “दामू कासार. छापखाना, शनिवार बाजार. मागच्या दाराने यावे. दोनदा… टकटक… करावी.”

धुनीतलं लाकूड तडकलं. वाळिंबे बसल्या जागी उडाले.

“बाबा… ही वही कोणाची?”

“माझी.”

“पाहतं कोण?”

“असते पडलेली. शुक्रवारी दुपारी कोतवाल येतो दुवा घ्यायला. तो चाळतो. वाचनाची आवड आहे त्याला.”

“आज… वार कोणता?”

“शुक्रवार.”

वाळिंब्यांच्या कपाळावर घाम आला, तो भुवईत थांबला आणि मग डोळ्यांत उतरला. सावली पायाशी आली होती, म्हणजे दुपार झालीच. टेकडीखाली कुठेतरी टापा वाजल्यासारखं वाटलं. कदाचित त्यांच्या छातीतच वाजत असतील.

“हा चौथा रकाना दिवाणांनी आखायला लावला ना? हुकूम आला असणार. खरं सांगा.”

“छे रे. मीच आखला, आठ दिवसांपूर्वी. तीन आखून झाले, तरी कागद उरला.”

“आणि लोक… भरतात?”

फकिरांनी सुपातून मान वर केली. वाळिंब्यांकडे पाहिलं.

…

टापा आता खरोखरच वाजत होत्या. एक घोडा. चढ चढत होता.

वाळिंब्यांनी पान फाडलं. घाईत पान आधी तिरकं गेलं आणि दामूचं अर्धं नाव वहीतच राहिलं. ते त्यांनी नखांनी ओरबाडून काढलं. फकिरांनी अडवलं नाही. दोन्ही तुकडे घेऊन वाळिंबे धुनीकडे झेपावले. तेवढ्यात मोठा तुकडा हातात उलटा झाला.

मागल्या बाजूला ओळखीचं अक्षर होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या माणसाचं, एकेक अक्षर सुटं.

नाव: दामोदर कासार. काम: एक पुस्तक छापावे की न छापावे. आणि चौथ्या रकान्यात: अच्युत वाळिंबे, तांबट गल्ली. पुस्तक पिठाच्या पिशवीत ठेवतो.

तीन दिवसांपूर्वीची तारीख होती.

“अरे चांडाळा!” वाळिंबे कडाडले. घोडा, कोतवाल, सगळं विसरले. “माझ्या पंक्तीला जेवलाय हा! माझ्या थोरलीच्या लग्नपत्रिका यानेच छापल्या! आणि मलाच फासावर देतो? पिशवीसकट?”

फकिरांनी त्यांच्या हातातून दोन्ही तुकडे घेतले आणि धुनीत ठेवले. कागद आधी पिवळा झाला, मग काळा.

बाहेर घोडा फुरफुरला. कोणीतरी रिकिबीतून पाय काढला.

“काय केलं होतं त्याला?” वाळिंबे दातओठ खात कुजबुजले. “उलटं टांगलं होतं? चटके दिले होते? सांगा ना, बाबा, कोणी मारलं होतं त्याला?”

फकिरांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“नाही रे, बेटा. रकाना मोकळा सोडणं बरं दिसत नाही, म्हणाला.”