सपाट आणि दुमडलेली

"मग पट्टी तुटते कुठं?" उस्तादांनी विचारलं.

"दुमडीवर," सौमित्र म्हणाला. "पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुटत नाही, सर. हातात तुटते."

हातात म्हणजे माझ्या हातात. मी तिथंच उभी होते, दोन पावलांवर. माझ्याकडं बघून बोलायचे कष्टसुद्धा त्यानं घेतले नाहीत.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना. ऐकू कमी येणाऱ्यांचं कानामागं लावायचं यंत्र तिथं तयार होतं. त्याच्या पोटात एक पिवळट पट्टी असते. कागदासारखी पातळ, लवचिक, आणि तिच्यात केसासारख्या तांब्याच्या रेषा. ती दोन ठिकाणी दुमडून काजूएवढ्या डबीत बसवायची. हे काम माझं, तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी चौथी शिकलेय, पण माझ्या बोटांना चष्मा लागत नाही.

नव्या यंत्राची पट्टी सौमित्रनं काढली होती, कॉम्प्युटरवर. पुण्याचा, मोठ्या कॉलेजातला. उस्तादांच्या हाताखाली शिकायला मालकांनी ठेवलेला.

उस्ताद म्हणजे निजामभाई आत्तार. चाळीस वर्षं साचे घडवले. तेव्हा गुडघा गेलेला, म्हणून खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका बघायचे.

नवी पट्टी येऊन दोन महिने झाले होते. दहा बसवल्या की चार मुक्या निघायच्या. सौमित्रनं मालकांसाठी कागद लिहून आणला होता... दोष हाताचा आहे, बाई बदला. खाली उस्तादांची सही पाहिजे होती. सही झाली की मी घरी.

पेनसुद्धा तोच घेऊन आला होता.

"दाखव," उस्ताद म्हणाले.

सौमित्रनं बटण दाबलं. पडद्यावर पट्टी सपाट. पुन्हा दाबलं. पट्टी दुमडून डबीत बसलेली. देखणी होती, खोटं कशाला बोलू?

"सपाट असताना बरोबर. दुमडल्यावर बरोबर. दुमडीला गोलाई पाहिजे त्यापेक्षा जास्तच दिलीय. दोन्ही अवस्था तपासल्यात, सर."

"परत."

सपाट. दुमडलेली.

"मधे कुठं होती?"

"मधे?"

"इथून तिथं गेली ना? वाटेत कुठं होती?"

सौमित्र हसला. म्हाताऱ्या माणसाला समजावताना हसतात तसा. "वाट नसते, सर. अवस्था दोनच. सपाट आणि दुमडलेली."

त्यानं पेन पुढं केलं.

"मावशींनी जरा हळू हात चालवला असता तर ही वेळच—"

"तुझ्या आईची बहीण नाही मी," मी म्हटलं. "झुंबरबाई म्हण. नोकरी घालवायचीय ना, मग नावानं घालव."

कुणी हसलं नाही.

उस्तादांनी टेबलाला धरलं आणि उभे राहिले. सौमित्रच्या हातातला कागद घेतला. मला वाटलं, झालं. करतात सही.

"माझ्या गुडघ्याचं माहितेय तुला?"

"हो, सर." अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. तीन वर्षं झाली होती, नमाजसुद्धा खुर्चीवर पढायचे.

"आता उभा आहे. दुखतोय असं दिसतं?"

"नाही."

उस्तादांनी तो कागद फरशीवर टाकला आणि त्याच्यावर बसायला लागले.

एक हात टेबलाच्या पायाला, एक भिंतीला. अर्ध्यावर अडकले. वरही येईनात, खालीही जाईनात. तोंड राखेसारखं झालं. "या अल्लाह," एवढंच निघालं. मी धावले तर डोळ्यांनीच थांबवलं मला. सौमित्र खुर्चीतून अर्धा उठून तसाच राहिला...

मग टेकले. मांडी घातली. श्वास जागेवर आला.

"आता बसलोय. दुखतोय असं दिसतं?"

"...नाही."

"डॉक्टरनं दोन फोटो काढले. एक उभ्याचा, एक बसलेला. दोन्ही झकास आले. म्हणाला, चाचा, तुम्हाला काहीच झालेलं नाही."

सौमित्र पडद्याकडं बघत राहिला. पडद्यावर पट्टी दुमडलेलीच होती.

उस्तादांनी शेजारची फरशी थोपटली. "बस."

इस्त्रीच्या पँटीत बसला बिचारा.

"झुंबरताई, दहा पट्ट्या, दहा डब्या. चिमटा देऊ नका त्याला, हातानंच बसवू दे."

डबीत आतल्या अंगाला एक बारीक आकडा असतो. पट्टी त्याच्या खालून सरकवायची. पडद्यावर ती मुळातच आकड्याखाली बसलेली असते. हातात तशी नसते.

पहिली पट्टी जाईना. दाबली, जाईना. आणखी दाबली, गेली.

"बसली!" सौमित्र म्हणाला.

मी तपासणीच्या दिव्याला लावली. दिवा लागला नाही.

दुसरी. मुकी. तिसरी. मुकी.

खरं सांगते, तिसरीपर्यंत मला गार गार वाटत होतं. दोन महिने जे मी ऐकून घेतलं, ते आता तो दिवा त्याला ऐकवत होता. पण सातवीला त्याची बोटं थरथरायला लागली. पहिल्या वर्षी माझी थरथरायची तशीच. मग नाही गार वाटलं.

आठवी त्यानं अर्ध्यावरच थांबवली. अर्धी आकड्याखाली, अर्धी बाहेर. तशीच डोळ्यापाशी नेली. किती वेळ बघत होता...

"इथं," तो हळूच म्हणाला. "आकड्याखालून जाताना ही पार चपटी होते. इस्त्रीच्या घडीसारखी. आत गेली की पुन्हा उघडते. मग गोलच दिसते."

मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"झुंबरबाई, तुम्ही रोज इथूनच घालता?"

"दुसरं दार ठेवलंयस का तू?"

मान खाली गेली त्याची. तसंच विचारलं, "माझ्या सातच्या सात मेल्या. तुमच्या दहातल्या सहा जगतात. त्या कशा?"

मी अंगठा पुढं केला. नख मधोमध चिरलेलं, कडेनं झिजून पातळ झालेलं.

"दुमडीच्या आत नख घालते. नखावरून वळवते, आकड्याखालून नेते, मग नख काढून घेते. नख आत असलं की चपटी होत नाही. निसटलं की मेली."

"मग सांगितलं का नाही?"

"विचारलंस का?"

त्यानं माझा अंगठा धरला, एखादं हत्यार बघावं तसा उलटा-सुलटा करून बघितला. त्या नखाकडं माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

"आकड्याला खाच द्यायला पाहिजे," तो पुटपुटला. "नखाएवढी. म्हणजे पट्टी वरून उतरेल, खालून ओढायला नको." मग उस्तादांकडं वळला. तोपर्यंत 'सर' म्हणत होता. "उस्ताद... तो कागद द्या. फाडतो."

"मी बसलोय त्याच्यावर. मला कुठं उठता येतंय?"

आता मात्र मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आलं तर आलं. त्या माणसानं माझी बाजू घेतली नव्हती. बाई चांगली आहे, गरीब आहे, राहू दे, असं काही म्हणाला नव्हता. मोडका गुडघा घेऊन नुसता खाली बसला होता. माझ्यासाठी आजवर पुष्कळ जण बोललेत. खाली कुणी बसलं नव्हतं. खाच दिलेल्या डब्या आल्याला आता सहा वर्षं होतील. नख वाढलंय, चीर गेली. नखं कापायला बसले की अजून हात जोडते मी त्या माणसाला.

त्या दिवशी सौमित्र घाईघाईनं उठायला गेला. नवी डबी काढायची होती ना, लगेच. पण तासभर मांडी घालून बसायची सवय कुणाला? दोन्ही पायांना मुंग्या. अर्धा उठला आणि तिथंच अडकला. ना वर, ना खाली. टेबल धरायला हात केला, तो पोचेना.

मी बघत उभी राहिले. मुद्दाम.

"झुंबरताई, हात द्या त्याला," उस्ताद फरशीवरून म्हणाले. "सावकाश... मधे मोडायला नको."