मैदानामागची वाट

"…मग लढू का नको, तेवढं सांगा वस्ताद."

सर्जेराव मगदूमनं परत विचारलं. मौला वस्ताद तालमीच्या हौदातली तांबडी माती दोन्ही हातांनी चाळत बसले होते. खडा लागला की उचलून कडेला टाकायचे.

म्हाताऱ्या वस्तादांची ही खोडच. उत्तर पोटात तयार असतं, पण समोरच्याला ताटकळत ठेवतील. भूक लागल्याशिवाय वाढायचं नाही, असा यांचा कायदा.

सर्जेराव काही साधा गडी नव्हता. हिवरवाडीच्या भैरोबाची जत्रा भरली, की शेवटची, सगळ्यात मोठी कुस्ती त्याचीच. किती वर्षं, ते मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. पंजाबचा आला, हरियाणाचा आला, सोलापूरकडचा दरवाजाएवढा गडी आला. सगळ्यांना त्यानं अस्मान दाखवलं. त्याच्या स्वतःच्या पाठीला त्या मैदानाची माती कधी लागली नाही.

पण आता चाळिशी आली होती. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. आणि यंदा जोड लागली होती विक्रांत खोतशी. मिशी नुकती फुटलेली, पण मान बैलासारखी. सर्जेरावनं त्याच्या दोन कुस्त्या लांबून बघितल्या होत्या. तेव्हापासून त्याला झोप नव्हती.

"कमिटीवाले म्हणत्यात, गुडघ्याचं कारण सांगून नाव मागं घ्या. स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी बसवतो, फेटा बांधतो, सत्कार करतो. न हरता सुटलो, एवढं तरी नाव ऱ्हाईल."

"मग घे की मागं."

"ते तुमच्या तोंडनं आलं पायजे. नाव तुम्ही दिल्यालं, तुम्हीच काढायचं. तालमीची रीत हाय."

"रीत बरी आठवली तुला."

सर्जेरावच्या वयाच्या माणसाला असं कोणी बोलत नव्हतं. तालुक्यात फिरला तर दुकानदार खुर्ची पुढं करायचे.

वस्तादांनी आणखी एक खडा टाकला.

"तुझी सगळ्यात भारी कुस्ती कुठली रं?"

सर्जेरावचा चेहरा सैल झाला. कितीतरी दिवसांनी कोणी त्याला बरा प्रश्न विचारला होता.

"गुरनामची. पंजाबवाल्याची. तुम्हाला आठवतंय का, लोक जांभळीवर चढून बसल्यालं. फांदी कडकड करायली, तरी एक उतरंना. आमच्या चुलत्यानं तर खालनं वरच्याचा पाय धरल्याला. म्हणायचा, तू उतर, मी चढतो. त्यो म्हणायचा, फांदीबरोबरच उतरतो."

वस्ताद हसले. दात कमी, पण हसू पूर्ण.

"मान दाबून दाबून त्यानं माझा दम काढला हुता. मी म्हटलं, आता गेलो. आन बघा, त्यानं हात बदलला. तेवढंच. मी काखंत शिरलो, अख्खा गडी खांद्यावर घेतला, आन कलाजंग."

"आन मग?"

"मग काय. चीत."

"आन मग?"

"हलगी कडाडली. गुलाल. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. देवळाच्या मोठ्या दरवाज्यातनं गावभर मिरवलं. आमची आई हुती तवा. तिनं दारात माझ्यावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हणाली, लोकांची नजर लई वंगाळ."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती हलगीही आता वाजत नाही, डॉल्बी वाजतो. माणसाचं काळीज फुटेल असा वाजतो, आणि त्याला म्हणायचं उत्सव.

"आन गुरनाम?" वस्तादांनी विचारलं.

"…गुरनामचं काय?"

"त्यो कुठनं गेला?"

सर्जेराव हसला. "वस्ताद, मी लोकांच्या डोक्यावर हुतो. खाली कोण कुठनं गेलं, कुणाला ठावं. गेला असंल घरला."

"पंजाबला? तसाच? मातीनं भरल्याला?"

वस्तादांनी हात झाडले, गुडघ्यावर जोर देऊन उठले.

"चल."

जत्रा दुसऱ्या दिवशी होती. मैदानात माणसं बांबू बांधत होती. पूर्वी हे मैदान म्हणजे एक गोल खळगा, आणि चारी अंगांनी माणूस. टोपी टोपीला लागलेली. आता लोखंडी गॅलरी आली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, मोठा पडदा आला. समोर जिवंत कुस्ती चाललेली असते आणि माणसं पडद्यावर बघतात. यालाच सुधारणा म्हणायचं म्हणे.

वेशीवर फ्लेक्स लावला होता. एकीकडं विक्रांत, एकीकडं सर्जेराव. सर्जेरावचा फोटो दहा-एक वर्षांमागचा. तो त्याच्याकडं न बघता पुढं गेला.

"उतर आत," वस्ताद म्हणाले.

सर्जेराव खळग्यात उतरला. सवयीनं वाकला, माती कपाळाला लावली.

"समज कुस्ती झाली. आता भाईर ये."

सर्जेराव देवळाच्या दरवाज्याकडं निघाला.

"तिकडनं न्हाय."

"हितनंच तर जातो दर साली."

"जात न्हाईस. नेत्यात तुला. आज आपल्या पायानं ये."

सर्जेराव थांबला. इकडं तिकडं बघितलं. या मैदानाची वीत न् वीत त्याला पाठ होती. कुठली माती भुसभुशीत, कुठं पाय सरकतो, उतरतं ऊन कोणत्या अंगाला डोळ्यांवर येतं, सगळं. पण बाहेर पडायचं म्हटल्यावर तो नवख्यासारखा उभा राहिला.

"दुसरी वाट हायच कुठं?"

वस्ताद पुढं झाले. गॅलरीच्या मागं, रचलेल्या बांबूंच्या पलीकडं, घाणेरीच्या जाळीतून एक पायवाट गेली होती. एका माणसापुरती. गवत तुडवून तुडवून मेलं होतं. सर्जेरावला अंग चोरून चालावं लागलं. काटे सदऱ्याला धरत होते.

वाट खाली ओढ्याला लागली. ओढ्यात पाणी थोडंच. काठाला एक रुंद दगड होता, बसून बसून गुळगुळीत झालेला.

"बस," वस्ताद म्हणाले, आणि आपणही शेजारी टेकले.

इथून मैदान दिसत नव्हतं. वर कोणीतरी माईक तपासत होतं, "हॅलो… हॅलो…" एवढंच ऐकू येत होतं.

"गुरनाम हितं बसला हुता," वस्ताद म्हणाले. "अंगावरची माती धुत. पर पाठीच्या मधोमध हात पोचंना त्याचा. एवढा मोठा गडी… पर आपल्याच पाठीला कुणाचा हात पुरतोय?"

"मग कुणी धुतली?"

वस्तादांनी ओंजळीत पाणी घेतलं. बोटांतून सांडू दिलं.

…

सर्जेराव त्या हातांकडं बघत राहिला. याच हातांनी त्याला लहानपणी हौदात ढकललं होतं.

"आन सोलापूरवाला?" त्यानं हळूच विचारलं.

"त्यो लई रडला. दरवाजाएवढा गडी, पर लेकरागत रडला. घरला नेला. तुमच्या चाचीनं तांबड्या रश्श्याचं पातेलं म्होरं ठिवलं, तवा गप झाला. पातेलं मातुर रिकामं केलं त्यानं. आम्ही चटणीभाकर खाल्ली त्या दिवशी."

सर्जेरावला हसू आलं.

"वस्ताद, एक बोलू का?"

"बोल."

"दर साली मी खांद्यावरनं तुम्हाला हुडकायचो. सगळं गाव दिसायचं. ज्यांनी मला कधी भाकर विचारली न्हाय ती पण नाचायची. तुम्ही तेवढं दिसायचा न्हाईसा. मला वाटायचं, वस्ताद खूश न्हाईत. कायतरी चुकलं आपलं. म्हणून पुढच्या साली आनखी जोर मारायचो, आनखी बैठका काढायचो. म्हटलं, यंदा तरी येतील मिरवणुकीत… सगळी उमर त्यात गेली बघा."

"दिसणार कसा? मी हितं."

"सगळ्यांपाशी बसलासा. माझ्यापाशी कधी न्हाय."

"तुझ्यापाशी गाव हुतं की."

…

वर माईक बंद झाला. ओढ्याचं पाणी दगडाला घासून जात होतं, तेवढाच आवाज.

सर्जेरावनं डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबला. खालीच बघत म्हणाला,

"वस्ताद… उद्या उतरलो, आन त्या पोरानं पाडलं तर? एवढ्या सालांचं नाव एका दिवसात जाईल."

वस्ताद उठले. सर्जेरावच्या खांद्याचा आधार घेतला, वाटेच्या चढाकडं तोंड केलं.

"जाईल की," म्हणाले. "पर एका साली तरी जत्रंच्या दिवशी हितं आपली गाठ पडंल."