तळाशी बसलेली ढेप

"मग येसाजीला घरी धाडू ना, बुवा?"

त्र्यंबकनं विचारलं, पण हात थांबवला नाही. पातेल्यातलं पाणी तो लाकडी डावानं घुसळत होता.

धुंडिबुवा ओसरीवर ऊन खात बसले होते. त्यांनी नुसती पाठ उन्हाकडं फिरवली.

त्र्यंबक हा मठातला थोरला शिष्य. हुशार, कामाला वाघ, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. सहा आठवड्यांत तो कोणालाही भजनात रमवून दाखवी. येसाजीपाशी मात्र त्याची मात्रा चालेना.

येसाजी नदीच्या पलीकडच्या काठावरचा नावाडी. माघात त्याची लेक तापानं गेली. तिला मांडीवर घेऊन तो वैद्याकडे नाव हाकत होता, आणि मधल्या धारेतच सारं संपलं. तेव्हापासून त्यानं वल्ह्याला हात लावला नव्हता. मठात आला, मागच्या खांबाला टेकला, तो तिथलाच झाला. ना टाळ, ना बोलणं.

"समजावलं, रागावलो, पहाटे उठवून जपाला बसवलं," त्र्यंबक म्हणाला. "पालथ्या घड्यावर पाणी! त्याच्यापायी इतरांचंही मन लागत नाही."

"घरी कोण आहे त्याच्या?"

"...कोणी नाही."

त्र्यंबकला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की तो जास्तच जोरानं ढवळायचा.

त्या दिवशी मठाच्या मूळपुरुषांची पुण्यतिथी होती. दुपारी नदी उतरून माणसं यायची, आणि उन्हातून आलेल्या प्रत्येकाला गूळपाणी द्यायचं ही मठाची रीत. नारळाएवढी गुळाची ढेप देवापुढं ठेवायची आणि तशीच अख्खी पाण्यात सोडायची.

ती ढेप तळाशी बसून होती. त्र्यंबकचे खांदे भरून आले. त्यानं वरचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. सपक.

"माणसं येतील आता. फोडू का हिला?"

"देवापुढं ठेवलेला गूळ आपण फोडत नाही."

"मग पातेलं चुलीवर चढवतो."

"उन्हातून आलेल्याला कढत पाणी देणार?"

"मग करू तरी काय?" त्र्यंबक वैतागला. "दोघेही सारखेच! एक खांबाशी, एक तळाशी!"

बुवा हसले. कंबरेला हात देत उठले, खांद्यावरचं धुवट फडकं काढलं आणि बाही सरसावून पाण्यात हात घातला. ढेप वर काढून फडक्यात बांधली. मग ते गाठोडं जेमतेम बुडेल एवढंच, पाण्याच्या तोंडाशी धरून ठेवलं.

ढवळलं नाही, हलवलंही नाही.

त्र्यंबक वाकला. फडक्यातून तांबूस धार सुटली होती आणि सरळ तळाकडं उतरत होती. एक उतरली की दुसरी.

"आपोआप...?"

"तळाशी होती तेव्हा आपल्याच पाकात बसली होती," बुवा म्हणाले. "नवं पाणी तिला शिवत नव्हतं."

थोड्या वेळानं बुवांचा म्हातारा हात खाली येऊ लागला, तसं त्र्यंबकनं गाठोडं आपल्या हाती घेतलं. धरायला सोपं वाटलेलं ते काम भलतंच अवघड निघालं. सकाळभर ढवळून भरलेला खांदा ठणकू लागला.

त्यानं खांबाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत आपण येसाजीला नुसतं सांगत आलो, मागितलं कधीच काही नाही, हे त्याला तेव्हा कळलं. त्याला लाज वाटली.

"येसाजीदादा," त्यानं हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "माझा हात भरून आलाय रे. जरा धरतोस?"

येसाजी हलला नाही...

मग उठला.

पाण्यात हात घालताना तो क्षणभर थबकला. त्र्यंबकनं आपले हात काढले नाहीत, दोन्ही त्याच्या हातांखाली तसेच ठेवले. दोघं पातेल्यापाशी उकिडवे बसले. ऊन ओसरीवरून अंगणात उतरलं. नदीकडून माणसांचे आवाज येऊ लागले.

"हलकं होतंय," येसाजी पुटपुटला.

आल्यापासूनचा त्याचा हा पहिला शब्द. त्र्यंबकचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

शेवटी फडकं पाण्यावर सैल तरंगलं. येसाजीनं ते चाचपलं, उलगडलं, पुन्हा चाचपलं. मग त्याचा बांध फुटला. बायामाणसांसारखा हंबरडा फोडून तो रडला. त्र्यंबकनं त्याला पोटाशी धरलं.

"बुवा... हातात काहीच उरलं नाही हो."

धुंडिबुवांनी पातेल्यातून वाटी भरली आणि त्याच्या ओठांशी नेली.

"पिऊन मग सांग, बाळा."