गोधडीचं पोट

“नवस बोललीस तेव्हा नेमके शब्द काय होते तुझे?”

आक्कांनी हे विचारलं, पण त्यांच्या हातातली सुई थांबली नाही. मांडीवर ती नेहमीची गोधडी होती आणि टाका घालणं सुरूच होतं.

हेमांगी गोंधळली. ती आली होती आपल्या ‘इवलं’ या बाळकपड्यांच्या दुकानाचं सांगायला. हे नवसाचं मध्येच कुठून आलं?

शब्द मात्र तिला पाठ होते. असे शब्द आई विसरते का कधी?

तिचा भिकू सातव्याच महिन्यात जन्माला आला होता. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत मुठीएवढा जीव. आत हात घालायची परवानगी नव्हती. मग तिने बाहेरूनच काचेला कपाळ टेकलं होतं.

“शाकंभरीआईला म्हणाले, लेकरू घरी येऊ दे. पायांवर उभं राहीपर्यंत त्याच्या अंगाला विकतचं कापड लावणार नाही. दारोदार पदर पसरीन, मिळेल त्या जुनेराची अंगडी शिवीन.”

“मग?”

“आला घरी. मीही मागत फिरले. कुणी धोतर दिलं, कुणी लुगड्याचा पदर दिला. सासूबाईंनी तर आपलं नेसतं इरकली लुगडं फाडून दिलं, लाल काठाचं. घरात त्याला भिकू म्हणतात ते तेव्हापासून. आता माझ्यापेक्षा उंच झालाय. भिकू म्हटलं की चिडतो.”

“चिडणारच. म्हणजे नवस फिटला?”

“फिटला की, आक्का.”

“हं.”

आक्का कुठल्या, कुणाच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तळ्याकाठच्या या मठात त्या आल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक लहानसं गाठोडं होतं, एवढंच गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं. त्या प्रवचन करत नसत. ओसरीवर बसून गोधडी शिवत. बायका येत, मन मोकळं करत आणि जाताना हलक्या होऊन जात.

हेमांगी वर्षानुवर्षं येत होती. ही गोधडी कधी पुरी कशी होत नाही, याचं तिला अधूनमधून नवल वाटे. पण विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला चाळा हवा, असं तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

“आता दुकानाचं सांग,” आक्का म्हणाल्या.

हेमांगीने शेजारची पिशवी जवळ ओढली.

“बंद करतेय.”

आतून वेणूताई चहा घेऊन आल्या होत्या. मठातलं रांधणं-वाढणं त्याच बघत. त्यांनी कप खाली ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून बसल्या.

“अगं, एवढं चांगलं चाललेलं! माझ्या भाचीच्या लेकीला तुझ्याकडचंच झबलं आणलं. किती मऊ!”

“कापडाला नावं ठेवायला जागाच नाही, वेणूताई.” हेमांगीचा आवाज जरा चढला. “हातमागाचं सूत. रंग डाळिंबाच्या सालीचा, हळदीचा, मंजिष्ठेचा. मातीला त्रास नाही, पाण्याला त्रास नाही. बाळानं बाही तोंडात घातली तरी घोर नाही. असं काम आपल्या भागात दुसरं कुणी करतं का, सांगा.”

“डाळिंबाच्या साली तू घेतेस,” आक्का म्हणाल्या. “दाणे कोण खातं?”

“अं?... दुकानात शिवायला बसतात त्या. रजनी, रुक्साना. आम्ही सगळ्या.”

“वेणू, हिला सांगत जा. आपल्याला कधी दाणे आणत नाही.”

वेणूताई हसल्या. हेमांगीला हसू आलं नाही.

“आक्का, कापड हे काही माझं खरं काम नव्हतं. माझा एक नियम होता. ‘इवलं’चा कपडा एकाच बाळावर संपायचा नाही. लेकरं काय, बघता बघता वाढतात. चार महिन्यांत झबलं आखूड. म्हणून मी प्रत्येकीला सांगायचे, लहान झालं की मला परत आणून द्या. मी उसवलेलं शिवीन, धुवून दुसऱ्या बाळाला देईन. शिवणीच्या आत एक कोरी पट्टी लावलेली असते. परत देताना आईने त्यावर आपल्या आवडीच्या रंगाचा एक टाका घालायचा. या कपड्यात आमचं बाळ वाढलं, अशी खूण.”

“छान आहे.”

“छान होतं. पण कुणी परत आणेल तर ना! तोंडावर सगळ्या हो म्हणतात. चार-दोन जणी आणतातही. बाकीचे कपडे गेले ते गेले. अहो, सासूबाईंच्या इरकलीतून भिकूचं पहिलं अंगडं शिवलं आणि उरलेल्या तुकड्यातून दुसरं. ते शेजारच्या पोफळेकाकूंच्या नातीला दिलं. ‘इवलं’चं सगळ्यात पहिलं अंगडं ते. तेसुद्धा आलं नाही! विचारलं तर काकू म्हणतात, कुठे गेलं कोण जाणे गं.”

आक्कांनी दोरा ओढून घेतला.

“लोकांना फक्त नवं हवं असतं, आक्का. वापरायचं आणि टाकायचं. मी एकटीने किती दिवस सांगत बसू? रजनीला नि रुक्सानाला सांगून टाकलं. उद्या कुलूप.”

...

तळ्यावर बगळा उडाला. आक्कांनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुईकडे.

“पिशवीत काय आहे?”

हेमांगीने पिशवीतून काचेची चौकट काढली. काचेआड लाल काठाचं एक चिमुकलं अंगडं होतं, भिकूचं पहिलं. इतकी वर्षं ते दुकानात समोरच्याच भिंतीवर होतं. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याची गोष्ट ऐके.

“दुकानच राहणार नाही, तर हे इथे देवापाशी राहू दे, असं मनात आलं. घरी बघवणार नाही मला.”

“देवाच्या अंगाला होईल का?”

“काय?”

“एवढंसं आहे. देवाला घट्ट होईल.”

वेणूताईंनी पदर तोंडाला लावला. हेमांगीचे डोळे मात्र भरून आले.

“थट्टा करू नका हो आक्का.”

“मी कशाला थट्टा करू? मागे तू मला नवी गोधडी आणून दिलीस, आठवतं? शुद्ध कापसाची. ही जुनी टाकून द्या, म्हणालीस.”

“हो.”

“ती कुत्रीला दिली. पिल्लं झाली होती बिचारीला. हीच का नाही दिली, विचार.”

“का नाही दिली?”

आक्कांनी गोधडीचा एक कोपरा उलटा केला. दातांनी दोरा तोडला आणि बोटभर शिवण उसवली.

“हात घाल आत.”

हेमांगीने हात घातला.

गोधडीच्या पोटात काय असतं ते तिला ठाऊक होतं. जुन्या साड्यांचे थर असतात, धोतरं असतात. तिची बोटं त्याच अंदाजाने आत शिरली... आणि थबकली.

बोटांना बाही लागली होती. बोटभर लांबीची.

तिच्याखाली दुसरी बाही. मग एक नाडी. मग टोपड्याची गोल कड. मग परत बाही. हात मनगटापर्यंत आत गेला आणि जिकडेतिकडे नुसत्या चिमुकल्या बाह्या, जणू आतून कुणी कुणी तिची बोटं धरत होतं.

तिने हात तसाच आत ठेवून वर पाहिलं.

“आक्का... ही सगळी लेकरांची...?”

“आपल्याकडे लेकराच्या अंगचं कापड पोतेऱ्याला लावत नाहीत,” वेणूताई हळूच म्हणाल्या. “घालून घालून पार विरलं, की बायका मठात आणून देतात. आक्का ते हिच्या पोटात घालतात. कुणी बाळंत झालं की ही गोधडी त्या घरी जाते. बारशापर्यंत बाळ हिच्यावरच निजतं. मग उकळून, उन्हं दाखवून परत येते. पंचक्रोशीतली निम्मी माणसं हिच्यावर निजलीत गं. तुला ठाऊक नव्हतं?”

नव्हतं ठाऊक. तिने विचारलंच कुठे होतं?

आक्कांनी स्वतःच आत हात घातला, थोडं चाचपलं आणि एक अंगडं अलगद बाहेर ओढलं. जाळीसारखं झालेलं. रंग उरला नव्हता. काठ मात्र अजून लाल होता.

इरकल.

हेमांगीने ते दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं. आतली शिवण उलटून पाहिली. पट्टी तिथेच होती, पण कोरी नव्हती. पिवळा टाका. निळा टाका. हिरवा. एक वेडावाकडा, कुणा हात न बसलेल्या पोरीने घातला असावा. पट्टी भरली तेव्हा कुणीतरी खाली दुसरी जोडली होती, आपल्या घरच्या कापडाची. तीही भरली होती. मग तिसरी...

मोजायचं तिच्या मनातही आलं नाही.

तिने नियम चार ओळींत छापून दुकानात लावला होता. इथे तर तिच्या मागे, तिला न विचारता, कुणीतरी तो पाळत गेलं होतं. एका पाळण्यातून दुसऱ्या पाळण्यात, एका गावातून दुसऱ्या गावात. त्या बायकांची नावंही तिला ठाऊक नव्हती.

तिने मान वर केली.

“मग... मला परत का नाही दिलं?”

“तू पदर पसरलास, त्या दारांना त्यांची लुगडी-धोतरं परत दिलीस का?”

...



तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. खालच्या आळीतला बसाप्पा धापा टाकत आला. चपला काढायचंही त्याला भान नव्हतं, अर्ध्या पायरीवर आठवलं तेव्हा त्याने त्या मागे भिरकावल्या.

“आक्का, सुनंला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात निघालोय. म्हातारी म्हनती, आधी आक्काची गोधडी आन, मगच गाडी हलव.”

“आणि दवाखान्यातलं दुपटं?” वेणूताईंनी विचारलं.

“ते देत्यात की. पन म्हातारी ऐकती व्हय? आन खरं सांगू का...” त्याचा आवाज खाली आला. “मागल्या खेपेला आमी न्यायचं राहूनच गेलं. पोर हाताला लागलं न्हाई. डागदर म्हनले, तसा काय संबंध नसतोय. नसंल. पर...”

आक्कांनी नुसती मान हलवली.

हेमांगी घाईने इरकलीचं अंगडं परत कोपऱ्यात सारू लागली. “थांब हं बसाप्पा, एवढं शिवून देते. सुई द्या आक्का, मी घालते टाके...”

आक्कांनी तिचं मनगट धरलं.

“हे आतलंच आहे.”

“म्हणजे?”

“गोधडीचं पोट उसवलं की तसंच शिवत नाहीत,” वेणूताई म्हणाल्या. “दर खेपेला आत एक नवं घालायचं असतं. येणाऱ्या लेकरासाठी.”

“मग घाला ना काहीतरी! आहे का मठात? कुणी आणून दिलेलं...”

“आज कुणी आणलं नाही,” वेणूताई म्हणाल्या.

बसाप्पा पायरीवर उभा होता. रिक्षातून म्हातारीचा आवाज आला, “अरं आन की लवकर!” आणि त्यामागोमाग एक दबलेलं कण्हणं.

हेमांगीची नजर आपोआप काचेच्या चौकटीकडे गेली. तशीच ती चटकन तळ्याकडे वळली.

“आक्का, हे एकच आहे माझ्याकडे. ते दिवस... त्यातलं दुसरं काही उरलं नाही.”

आक्कांनी पुन्हा गोधडीत हात घातला. या वेळी कोपरापर्यंत. सगळ्या बाह्यांच्या, नाड्यांच्या, टोपड्यांच्या खाली, अगदी तळाशी. आणि तिथला एक पदर नुसता कडेला ओढून धरला.

“बघ.”

हेमांगीने वाकून पाहिलं.

एक कुंची होती. हिरव्या खणाची, कडेला पांढरी झालर. बाकी सगळी कापडं विरली होती, विटली होती. हिचा खण मात्र कडक होता. घडीची रेघ मोडली नव्हती. हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांना एकही चुणी नव्हती. त्या कधी कुणी बांधल्याच नव्हत्या.

वेणूताईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं मठात राहून त्यांनीही ती कधी पाहिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

या एवढ्याशा कुंचीभोवती ही सगळी गोधडी वाढली होती...

आक्का मठात आल्या तेव्हाच्या त्या लहानशा गाठोड्याबद्दल ऐकलेलं हेमांगीला आठवलं.

तिने चौकट उचलून पालथी केली. मागचे बारीक खिळे एकेक करून वळवले. पुठ्ठा निघाला. काच बाजूला ठेवली. इतक्या वर्षांनी अंगड्याला वारा लागला. ते तिच्या तळहातावर मावलं, तेव्हा मावायचं तसंच.

“एकदा वास घेऊ का, आक्का?”

“घे की. मीही घेतला होता.”

तिने ते नाकाशी धरलं. डोळे मिटले. रिक्षातून पुन्हा कण्हणं ऐकू आलं.

डोळे उघडले तेव्हा आक्का सुईत नवा दोरा ओवत होत्या. गोधडीचा कोपरा त्यांनी तिच्यासमोर उघडा धरला होता.

“सगळ्यात आधी मी माझं घातलं, बाई. आता तूही घाल.”