निखळ तारा

“मग सर, तुमच्यामागं गट कोण चालवणार?”

श्रीरंगनं हे भोईटे सरांना तोंडावरच विचारलं. सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. वेधशाळेच्या व्हरांड्यात आम्ही तिघं चहा घेत बसलो होतो. गट आपल्यालाच मिळणार, याची पठ्ठ्याला खात्री होती. हुशार होता, वादच नाही. पण त्याचा ताठा बघून माझं डोकं फिरायचं.

आमच्या गटात एक रीत होती. कुठलंही गणित बाहेर धाडण्याआधी सोबत्याच्या हाती द्यायचं, त्यानं चुका काढायच्या. श्रीरंगनं आपलं काम कधी कुणाला दिलं नाही. “त्यात दुसऱ्याची भेसळ नको,” म्हणायचा.

सरांनी कप खाली ठेवला.

“दोन तारे घे. दोन्ही जन्मताना साठ सूर्यांएवढे. एकात आधीच्या ताऱ्यांनी मागं ठेवलेलं लोह आहे. दुसरा निखळ, नुसता हायड्रोजन आणि हीलियम. शेवटी मोठा कोण राहील?”

“निखळ!” श्रीरंग हसला. “हे काय विचारणं झालं, सर? लोह असलं की प्रकाश त्याला बाहेर ढकलतो, वारा सुटतो, तारा झिजत जातो. निखळ तारा फारसं काही गमावत नाही.”

“झिजलेलं कुठं जातं?”

“भोवतीच्या ढगांत. त्यातून पुढचे तारे होतात.”

“आणि निखळ ताऱ्याचं?”

“गाभा कोसळतो. कृष्णविवर होतं. बहुतेक सगळं... आतच.”

सरांनी कप पुन्हा उचलला.

तेवढ्यात गटातली हेमांगी कागद घेऊन आली.

“श्रीरंग, बघ ना जरा. कुठंतरी घोळ झालाय माझा, सापडतच नाहीये.”

श्रीरंगनं आधी मांडीवरचा स्वतःचा लॅपटॉप मिटला, पडद्यावरचं गणित तिला दिसू नये म्हणून. मग तिचा कागद घेतला.

सरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

सरांनी खिशातून दुर्बिणीच्या घुमटाची किल्ली काढली आणि हेमांगीच्या हातावर ठेवली.

“पुढच्या महिन्यापासून गट तुझ्याकडे.”

ती बिचारी बघतच राहिली. श्रीरंगचा चेहरा खाडकन उतरला. बरी जिरली, असं मला वाटायला हवं होतं. पण वाईटच वाटलं.

“सर... माझं काम हिच्यापेक्षा कमी आहे?”

“छे रे! कितीतरी मोठं आहे,” सर म्हणाले. “आणि सगळं तुझ्यापाशीच आहे.”